काडतुसं भरायचं जुनं पितळी यंत्र : ओळख, साफसफाई आणि कायद्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बारा बोरची कागदी काडतुसं घरच्या घरी भरायची जुनी हत्यारं इथं कुणी जमवतं का? मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. नात्यातल्या एका मालगुजारी (म्हणजे जुन्या जमीनदारांच्या) वाड्याची माडी उतरवताना एक शिसवी पेटी निघाली आणि ती त्यांनी मला देऊ केली. घ्यायची फार इच्छा आहे, पण काही गोष्टी अडल्या आहेत.

आमच्याकडे गावोगाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. थंडीत त्यांवर बदकं उतरतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी वाड्यांमधून शिकारीचा शौक होता आणि झाडलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी फेकून न देता पुन्हा भरली जात. पेटीतलं सामान त्याच कामाचं. बंदुकीची दारू आणि छर्रे मोजायचं लाकडी मुठीचं माप आहे, त्यावर ड्राम आणि औंस या जुन्या इंग्रजी वजनांच्या खुणा कोरल्यात. काडतुसाच्या बुडाची ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायचं एक छोटं हत्यार आहे. आणि मुख्य म्हणजे काडतुसाचं तोंड वळवायचं यंत्र.

हे यंत्र शेवयांच्या यंत्रासारखं टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं. भरलेलं काडतूस आडव्या खोबणीत ठेवायचं, मागची दांडी दाबून ते पुढं सरकवायचं आणि मूठ फिरवायची. पुढच्या पितळी टोपणात आतून बारीक दांडे आहेत, ते फिरता फिरता कागदाची कड आत गुंडाळतात आणि वरची पुठ्ठ्याची चकती पक्की बसते. पुढं प्लॅस्टिकची काडतुसं आली, त्यांचं तोंड घड्या घालून मिटवतात, म्हणून हे यंत्र मागं पडलं. मूठ अजून इतकी अलगद फिरते की हातातून सोडवत नाही.

पहिला प्रश्न बनावटीचा. '१२' हा आकडा स्वच्छ दिसतो, पण कारखान्याचं नाव झिजलंय, 'शेफील्ड'ची शेवटची अक्षरं तेवढी लागतात. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात जेम्स डिक्सन अँड सन्स आणि जी. अँड जे. डब्ल्यू. हॉक्स्ली हे दोघेही असलं सामान बनवत. नाव नसताना घडणीवरून दोघांतला फरक कसा ओळखायचा? माझ्याकडे आधीपासून एक अमेरिकन आयडियल कंपनीचं दोन दांड्यांचं हाती हत्यार आहे. त्याचं सोपं होतं. ती कंपनी १९२५ मध्ये लायमन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं घेतली, त्यामुळं नुसतं आयडियल आणि तिचं गाव न्यू हेवन असा शिक्का म्हणजे बहुधा त्याआधीचं. या यंत्राला अशी काही खूण असते का?

दुसरं, साफसफाई. मावशी म्हणते, चिंच लावून घास, लख्ख होईल. माझं मत उलटं आहे. पितळेवर चढलेला काळपट रंग हेच त्याचं वय आहे आणि घासताना उरलीसुरली अक्षरंही जातील. पण टेबलाला आवळायचा लोखंडी स्क्रू गंजून जाम झालाय. रॉकेलमध्ये भिजवला तर शेजारच्या लाकडी मुठीला डाग पडेल का? स्क्रू तुटला तर तसे आटे पाडून देणारा कुणी जुना लेथवाला भंडारा-गोंदियाकडं माहीत असेल तर सांगा.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही धरली आहे. म्हणजे एकही गोळी नसताना ही पेटी कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. कलम ४५ मध्ये वापरात न येणाऱ्या पुरातन शस्त्रांना आणि किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, पण ती अशा यंत्राला लागू पडते का? मला काडतुसं भरायची नाहीत. कपाटात मांडून, शेजारी माहिती लिहून ठेवायचं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन कुणी असं काही रीतसर नोंदवून घेतलंय का? अर्जात काय लिहिलं होतं? वाड्याच्या मालकाकडं जुना बंदूक परवाना आहे, त्याचा उपयोग होईल का? हे स्पष्ट होईपर्यंत पेटी त्यांच्याकडंच ठेवली आहे.

घाई एवढ्यासाठी की भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव, आणि मोडीचा भाव चांगला मिळतो. अशी हत्यारं किलोवर जातात आणि वितळतात. लाखांदूर, साकोली, ब्रह्मपुरीकडं कुणाच्या माळ्यावर असं काही असेल तर मोडीत देण्याआधी फोटो टाका, ओळखायला मी जमेल तेवढी मदत करीन. मात्र सोबत भरलेली काडतुसं, टोप्या किंवा दारूचा डबा दिसला तर हात लावू नका, हलवूही नका, सरळ पोलिसांना कळवा. जुना माल कधी पेट घेईल याचा भरवसा नाही.

पेटीतल्या यंत्राचे फोटो उद्या वाड्यावर जाऊन दिवसाच्या उजेडात काढून इथंच टाकतो. शिक्क्याचा जवळून काढलेलाही असेल.