पेरोव्हस्काइटचे पॅनेल वावरात आत्ताच आणायचे का?

हिरीवरचा (दारव्हा)
जो तो टँडेम पॅनेलचं, म्हणजे सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा (उन्हातून वीज काढणाऱ्या स्फटिकाचा) थर दिलेल्या पॅनेलचं कौतुक करून राहिला. २००९ मध्ये जपानात मियासाका या शास्त्रज्ञाच्या गटानं पहिला सेल केला तवा पडलेल्या उन्हाच्या ४ टक्केही वीज निघत नव्हती, आता टँडेम सेल ३० टक्क्यांच्या वर गेले. मोठं काम आहे. पण आमच्या उन्हात ते किती उन्हाळे काढते हे कळल्याबिगर सौर कृषी पंपाच्या योजनेत ते नको.

माझ्या वावरात ५ एचपीचा पंप आहे, पॅनेल साधे सिलिकॉनचे. चौथ्या उन्हाळ्यात मागचा पांढरा थर खडूसारखा हाताले लागाले लागला, मग भेगा पडल्या. तूर फुलोऱ्यावर, अन् दवाच्या सकाळी कंट्रोलर ट्रिप, म्हणजे पंप आपोआप बंद. ऊन चढून पॅनेल वाळलं की मंग सुरू. कंपनीचा माणूस फोटो काढून गेला तो गेलाच. हमी २५ वर्षांची होती.

बांधावरचा विद्यार्थी (अमरावती)
भाऊ, तुमचा त्रास खरा आहे, पण तो मागच्या प्लॅस्टिकच्या थराचा. पेरोव्हस्काइटला दोन्ही बाजूंनी काच आणि कडेला ब्यूटाइल रबराचं सील देतात, कारण त्याचा पहिला वैरी ओलावा. सुरुवातीच्या सेलच्या स्फटिकात मिथाइलअमोनियम हा घटक होता, तो उष्णतेत उडून जायचा. आता त्याच्या जागी फॉर्मामिडिनियम आणि सिझियम वापरतात. २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीनं टँडेम पॅनेल अमेरिकेत विकायला पाठवलेसुद्धा. आपण वाट बघत बसलो तर विदर्भाच्या उन्हासाठी पॅनेल बनवणार कोण?

हिरीवरचा
पण पॅनेल टिकते का हे पाहाची चाचणी कोणती? ८५ अंश, ८५ टक्के दमट हवा, १००० तास. म्हणजे ४२ दिवस, अन् तेही अंधारात! बाहेर ४५ असताना पॅनेल ६५-७० वर जाते, हात टेकवत नाही. ऊन अन् ताप संगच असते. त्यात थरातले आयन (विजेचा भार असलेले कण) सरकतात, रात्री थोडे माघारी येतात, सकाळी पुन्हा तेच. हे चक्र वर्षानुवर्षं चालते. ४२ दिवसांत काय कळणार?

संत्र्याची बाग (वरूड)
माझी काळजी वेगळी आहे. यात शिसं असतं. प्रत्येक चौरस मीटरला एक ग्रॅमही नसेल, मान्य. पण आमच्याकडे गारपीट होते. काच फुटून पाणी आत शिरलं की काळा थर पिवळा पडतो, ते पिवळं म्हणजे लेड आयोडाइड, शिशाचंच संयुग, आणि ते पाण्यात थोडं विरघळतं. फुटलेलं पॅनेल बांधावर पडून राहतं हे आपण सगळे पाहतो. उचलायची जबाबदारी कोणाची, हे करारात आधी लिहा. टिकाऊपणाचं मग बोलू.

बांधावरचा विद्यार्थी
ताई, हे पटलं. फुटलं तरी शिसं धरून ठेवणारे थर करण्यावर काम चालू आहे, पण म्हणून उचलायची जबाबदारी सुटत नाही. भाऊ, तुमचाही चाचणीचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचं उत्तर थांबणं नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या छतावर सिलिकॉनशेजारी एक रांग लावावी, आकडे सगळ्यांना दिसावेत.

हिरीवरचा
छतावर कायले? माझ्या हिरीवर चार पॅनेल लावा. पंपाले जोडू नका, मीटरले जोडा. सकाळ-दुपार आकडा मी वहीत लिहीन. तीन उन्हाळे अन् तीन पावसाळे जाऊ द्या, फुटलेलं कंपनीनं न्यावं, मंग योजनेत घालायचं का ते बोलू.