मदत हवी आहे: गुलमर्गला हद्दीबाहेर स्कीइंग करायचंय, हिमस्खलनाचा अंदाज कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही चौघं गुलमर्गला चाललोय. स्की सगळ्यांना बऱ्यापैकी येतं, गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर सुमारे 3,950 मीटरवर जायचं आणि स्की पेट्रोलच्या (उतारांची सुरक्षा बघणाऱ्या पथकाच्या) हद्दीबाहेरून उतरायचं असा बेत आहे. गाईड तिथलाच ठरवलाय. "जाऊच नका" हा सल्ला आईने देऊन झालाय, तो सोडून काहीही सांगा :)

अडचण अशी की चंदीगडच्या डीजीआरईचं (हिमस्खलनाचा अंदाज देणारी डीआरडीओची संस्था, पूर्वीचं सासे) बुलेटिन बघतो, पण ते जिल्ह्यावार असतं, म्हणजे बारामुल्ला, अमुक उंचीच्या वर, धोका मध्यम. आता अफरवटचा आमच्या कामाचा सगळा भाग त्या उंचीच्या वरच की! मग त्यातला कुठला उतार ठीक आणि कुठला नाही हे ठरवायचं कसं?

दुसरं म्हणजे खालचा थर. वाचून एवढं कळलं की सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि मग बरेच दिवस कोरडी कडक थंडी राहिली तर जमिनीलगतचा बर्फ रव्यासारखा सुटा होतो आणि नंतर वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) येऊन एकदम दोन-तीन फूट पडला की वरच्या घट्ट बर्फाची अख्खी लादी त्यावरून घसरायला मोकळी. 2024 चा जानेवारी बहुतेक कोरडा गेला, बर्फ महिनाअखेरीस आला आणि 22 फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. त्याआधी 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटलाच दोन पोलिश. मी लगेच कारण जोडत नाहीये, पण असा हंगाम असला तर बर्फ पडून गेल्यावर किती थांबायचं? आमच्यातला एक म्हणतो वादळानंतरचा पहिला उन्हाचा दिवसच खरा, पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) तेव्हाच मिळते. मला तिथेच धाकधूक होतेय.

प्रतिसाद १

तुमची धाकधूक बरोबर आहे, मित्राला हे वाचायला द्या. ताजा बर्फ एक-दोन दिवसांत बराचसा बसतो, पण खाली तो सुटा थर असेल तर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, वर ऊन पडलं म्हणून त्याला काही फरक पडत नाही.

बुलेटिनवरून उतार निवडायचा नसतो, आज तीव्र उतारावर जायचं की नाही एवढंच ठरवायचं. लादी सुटते ती बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर, फोनमधल्या ॲपनेही कोन मोजता येतो. आणि तुम्ही 25 अंशांवर उभे आहात पण डोक्यावर 38 चा उतार आहे तर उपयोग शून्य. वारा विसरू नका, आकाश निरभ्र असलं तरी वारा धारेच्या अलीकडचा बर्फ उचलून पलीकडे नेऊन टाकतो, त्या बाजूच्या घळी सगळ्यात वाईट.

गाईडला बर्फाचे थर तपासायला खड्डा खणायला लावा. 30 बाय 90 सेंटीमीटरचा ठोकळा कापून एका टोकाला फावडं ठेवून थापट्या मारायच्या, दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली तर परत फिरा. नाही गेली तरी तो काही परवाना नाही, वीस मीटरवर बर्फ वेगळा असू शकतो. पायाखाली "धप्प" आवाज आला किंवा स्कीसमोर भेगा पळाल्या तर खड्डा वगैरे काही नको, सरळ मागे.

प्रतिसाद २

चौघांकडे बीकन (गाडलेल्याला शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आहे ना? एकाकडे नसलं तरी बाकीच्यांच्या बीकनचा त्याला काही फायदा नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर ठीक, पुढे शक्यता झपाट्याने घटते, म्हणजे बाहेरून मदत पोचेपर्यंत जे करायचं ते तुम्हीच. शोधताना फोन बीकनपासून निदान अर्धा मीटर लांब ठेवा. धोक्याच्या उतारावरून एकेकाने उतरा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची. आणि रोज सकाळी स्की पेट्रोलवाल्यांना विचारल्याशिवाय वर जाऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, मित्राला लिंक पाठवली, अजून उत्तर नाही :) बीकन दोघांकडेच आहेत, बाकीचे भाड्याने घ्यायचेत. जुना ॲनालॉग मिळाला तर चालेल का, की तीन अँटेनावालाच हवा? आणि पुण्यात सराव करायला मैदानात पुरून शोधणं एवढंच पुरे का?

प्रतिसाद २

तीन अँटेनावालाच घ्या. 457 किलोहर्ट्झवर जुना-नवा एकमेकांना सापडतो, पण जुन्यावर नेमकी जागा काढायला फार सराव लागतो. मैदानात जरूर करा, बीकन पिशवीत घालून लपवा, घड्याळ लावा. फक्त उकरण्याचा सराव तिथे होत नाही आणि वेळ सगळा त्यातच जातो, तो गुलमर्गला पहिल्या दिवशी खालीच करून घ्या, गाईडसकट.