बापूकाकांचा जुना ट्रक कॅम्पर बाहेर काढलाय, आता सुरुवात कुठनं करू?

प्रेषक: प्रसाद (ओहायो, मूळ गाव तासगाव)

नमस्कार मंडळी,

जुन्या सभासदांना बापूकाकांचा तो पांढऱ्या-चॉकलेटी पट्ट्यांचा कॅम्पर आठवत असेल, पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायचा, झोपायचा भाग ड्रायव्हरच्या टपावर आलेला. काका सांगलीला परत गेले तेव्हापासून तो एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बार्नमध्ये जॅकवर उभा होता, आता त्यांनी बार्न विकायला काढलंय, म्हणून काकांचा फोन आला की घेऊन जा लेका, पैसे नकोत, फक्त भंगारात घालू नकोस. तर आणलाय.

आतून बघितला तर बरा वाटतो. गाद्या, कपाटं, शेगडी सगळं जागेवर. पण वरच्या बेडच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात पॅनेलिंगवर तपकिरी डाग आहे आणि बोट दाबलं की मऊ लागतं. उंदरांनी हीटरच्या कप्प्यात संसार थाटलेला. बायको म्हणते आधी रंग आणि पडदे करू म्हणजे बसायला तरी बरं वाटेल, मी म्हणतो आधी गॅस जोडून फ्रिज चालतोय का बघू, कारण नवा फ्रिज घ्यायचा तर हजाराच्या वर डॉलर जातात. मे अखेरच्या लाँग वीकेंडला न्यायची इच्छा आहे. कमीत कमी काय काय करावं लागेल? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रसाद

---

प्रेषक: मंदार

प्रसाद, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. फुकटचा कॅम्पर सगळ्यात महाग पडतो. लाकूड मऊ लागतंय म्हणजे दिसतंय त्याच्या चौपट आत कुजलेलं असणार. आणि तुझा ट्रक हाफ टन, म्हणजे हलक्यातला पिकअप आहे ना? तो कॅम्पर त्याला झेपतो का हे बघितलंस का आधी? बापूकाकांकडं त्याहून दणकट, तीन-चतुर्थांश टनाचा ट्रक होता. तंबू घे आणि मजा कर.

मंदार

---

प्रेषक: बापू (विश्रामबाग, सांगली)

प्रसाद आणि मंडळी,

मंदारचं वजनाचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, त्यावर शेवटी लिहितो. पण तंबू घे म्हणणं म्हणजे गाय म्हातारी झाली म्हणून दूधच सोडा म्हटल्यासारखं झालं.

तू पाठवलेले फोटो घेऊन मी काल कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला आमचे एक बॉडीवाले मिस्त्री आहेत त्यांच्याकडं गेलो. आयुष्यभर ट्रकचे हौदे बांधलेत त्यांनी, बेदाणा, हळद, ऊस, सगळ्या गाड्या. कॅम्पर म्हणजे काय हे समजावण्यात थोडा वेळ गेला, म्हणजे गाडीच्या हौद्यात खोली ठेवायची हे त्यांना आधी खरंच वाटेना, पण फोटो मोठा करून कोपरा दाखवल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "साहेब, रंगवून इकायचंय का वापरायचंय?" वापरायचंय म्हटल्यावर म्हणाले, मग रंगाचा डबा लांब ठेवा. "पाणी जिथं दिसतंय तिथनं आत आलेलं नसतंय. वरचा सांधा बघा."

मग दारात एक जुना सहाचाकी उभा होता त्याच्या फाळक्यापाशी मला नेलं. वरून रंग चकचकीत, पिवळा-निळा, मोराचं चित्र. टोच्या घेतला आणि फाळक्याच्या खालच्या पट्टीत, लोखंडी पट्टा बसतो तिथं, नुसत्या तळहातानं दाबला. मुठीपर्यंत आत गेला, काही आवाज नाही. बाहेर काढला तर टोकाला काळा ओला भुसा. वीतभर बाजूला तोच टोच्या दाबला तर टक्कन वाजून उडाला. असं टोचत टोचत जायचं आणि जिथं टक्क वाजेल तिथं खडूनं रेघ मारायची, तेवढं कापायचं, त्याच्यापुढं एक हात जास्त. हीच पद्धत तुझ्या कॅम्परला लागू आहे, फक्त आपल्याकडं सागवानाचे नाहीतर बाभळीचे बत्ते (चौकटीच्या लाकडी पट्ट्या) असतात आणि त्याला दीड इंची पाइनचे, स्टेपलनं ठोकलेले, म्हणजे टोच्या जरा हळू.

आता तुझ्या कोपऱ्याचं. डाग खाली असला तरी मला संशय वर आहे. पुढच्या बाजूला वरती ते केशरी दिवे असतात ना ओळीनं, त्यांच्या मागचं रबर वाळून तडकतं, आणि कोपऱ्याला ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं बसवलेली असते तिच्याखालची पुट्टी टेप दगडासारखी होते. पाणी स्क्रूच्या भोकातनं शिरतं, आतल्या उभ्या बत्त्यावरनं उतरतं आणि बेडच्या तळाला येऊन बसतं, तिथनं त्याला जायला वाट नाही. बार्नमध्ये होता म्हणजे कोरडा होता असं धरू नकोस, मी ठेवला तेव्हाच त्या बार्नचं छप्पर काही फार शहाणं नव्हतं.

तर क्रम असा ठेव. पहिलं म्हणजे कॅम्पर जॅकवर उंच ठेवून आत चढू नकोस, जितका खाली येईल तितका आण आणि तळाखाली लाकडी ठोकळे नाहीतर पॅलेट लाव, वजन त्याच्यावर बसू दे. मग पॅनेलिंग आतनं काढायच्या आधी बाहेरची कोपऱ्याची पट्टी काढ. पत्रे एकमेकांत अडकवलेले असतात, कुठल्या टोकाकडनं सुटतात ते नीट बघ, प्रत्येकाच्या मागं मार्करनं नंबर घाल आणि फोटो काढ. घाई केलीस तर पत्र्याला घडी पडते ती परत जात नाही.

आणि कुणी सिलिकॉन फासलेलं दिसलं तर ते सगळं खरवडून काढ. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, नंतरचं सिलिकॉनसुद्धा धड नाही. पट्टीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), स्क्रू आवळायचे, एक-दोन दिवसांनी परत आवळायचे कारण ती टेप दबत जाते, बाहेर आलेली कडेनं कापायची. छपरावर डायकोर कंपनीचं आपोआप पसरणारं सीलंट, उभ्या बाजूला न ओघळणारं. उभ्यावर पसरणारं लावलंस तर सकाळी सगळं बंपरवर येईल.

गॅस आत्ता नको. त्याचं नंतर.

बापूकाका

---

प्रेषक: नलिनी (सातारा)

प्रसाद, मी तिकडं असताना काउंटीच्या आरोग्य खात्यात होते म्हणून मधे बोलते. ते उंदरांचं घरटं झाडूनं किंवा व्हॅक्यूमनं काढू नकोस, हे आधी वाच. तिकडचे जे डिअर माइस आहेत त्यांच्या लेंड्या-मुतातनं हंताव्हायरस येतो, वाळलेली धूळ उडाली आणि श्वासात गेली की होतो. पश्चिमेकडच्या राज्यांत जास्त सापडतो, म्हणून ओहायोत बिनघोर राहायचं असं नाही. दार-खिडक्या उघडून अर्धा तास लांब थांब. मग रबरी हातमोजे घालून, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं ताजं करून घरटं पूर्ण भिजव, पाच मिनिटं तरी तसंच ठेव, मग कागदाच्या टॉवेलनं उचलून दोन पिशव्यांत बांध. हीटरच्या आजूबाजूचं फायबर ग्लासचं इन्सुलेशन मुतानं पिवळं झालं असेल तर तेही भिजवून फेकून दे, वाचवायच्या भानगडीत पडू नकोस. पुढच्या काही आठवड्यांत ताप आणि अंगदुखी झाली तर डॉक्टरला उंदरांचं आवर्जून सांगायचं.

आपल्याकडं कृष्णेला पूर आला की लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातनं होणाऱ्या तापाच्या) गोळ्या वाटतात तेव्हा लोक हसतात, पण उंदीर हा उंदीर असतो, तासगावचा काय आणि ओहायोचा काय. मुलांना तोपर्यंत आत सोडू नको.

बापूभाऊजी, साताऱ्याला कधी येताय? पेढे वाट बघतायत.

नलिनीवहिनी

---

प्रेषक: प्रसाद

वहिनी, थँक्यू, मी शॉप व्हॅक घेऊन उभाच होतो. तुम्ही सांगितलं तसंच केलं, मास्क घालून.

काका, मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. उजवीकडची पट्टी काढली. पुढच्या पाचपैकी कडेच्या केशरी दिव्याच्या मागं लाकूडच नाही, हातात चुरा येतोय. तिथनं खाली उभा बत्ता हातभर गेलाय आणि बेडच्या तळाचा आडवा पुढचा बत्ता निम्म्यापर्यंत. डावीकडं टोच्या टक्क वाजतोय. मंदार म्हणाला तसं चौपट नाही पण दुप्पट नक्की आहे. आता प्रश्न असा की होम डेपोत प्रेशर ट्रीटेड लाकूड मिळतं जे परत कुजणार नाही, तेच घालू का? का मिस्त्री वापरतात तसं सागवान? फोटो जोडलेत.

प्रसाद

---

प्रेषक: बापू (विश्रामबाग, सांगली)

फोटो बघून मिस्त्री म्हणाले, "लई न्हाई गेलं, येतंय की हातात." म्हणजे त्यांच्या भाषेत हे कौतुक आहे. त्यांचं मत सागवान. मी त्यांच्याशी वाद घातला, चहा झाला, पण या एका बाबतीत मिस्त्रींचं ऐकू नको. त्यांच्या हौद्यात दहा टन माल पडतो, त्यांना जड लाकूड लागतंच. तुझा प्रत्येक पौंड ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर बसणार आहे. साधं भट्टीत वाळवलेलं पाइन नाहीतर फर, सरळ दोऱ्याचं, गाठ नसलेलं निवडून घे. ट्रीटेड अजिबात नको, त्यात तांब्याची औषधं असतात आणि ती ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लागली की पत्रा खातात. पाणी आत आलं नाही तर पाइन टिकतं, आणि आलं तर सागवानाचाही उपयोग नाही. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गल्लीत प्लायची कपाटं उघडताना हेच बघितलं, सनमायका नवाकोरा आणि आतलं प्लाय पानासारखं सुटलेलं.

बत्ता अख्खा काढायची गरज नाही. चांगल्या लाकडापर्यंत काप, नवा तुकडा घाल आणि सांध्याच्या दोन्ही बाजूला हातभर जाईल असा जोडबत्ता ग्लू आणि स्क्रू लावून बसव. नुसत्या स्टेपलवर सोडू नको, तो भाग चालताना हेलकावे खातो. लाकूड आत बंद करायच्या आधी पंखा लावून चांगलं कोरडं होऊ दे, मे महिना हुकला तरी चालेल. हे मी मुद्दाम लिहितोय कारण तुला तारीख गाठायची घाई दिसतेय.

आता गॅस. ते जुने सिलिंडर टाक, कॉलरवर तारीख ठोकलेली असते ती बघ, बारा वर्षांवर गेले की परत तपासणी केल्याशिवाय भरून देत नाहीत, आणि माझ्या आठवणीप्रमाणे एकाची मूठ गोल आहे. २००२ पासून तिकडं तिकोनी मुठीचा, जास्त भरू न देणारा व्हॉल्व्ह लागतो. रेग्युलेटर आणि रबरी नळ्या नव्या घे. इथं शेगडीची नारंगी नळी आपण पाच वर्षांनी बदलतो, आणि कॅम्परची तर अख्ख्या देशभर हिंदकळत फिरणारी आहे. मग गॅसवाल्या माणसाकडनं दाब तपासून घे, पाण्याचे अकरा इंच (गॅसचा दाब असाच मोजतात) भरला पाहिजे, आणि सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं बघायचे. काडी पेटवून बघणारे शूर लोक मी पाहिलेत, त्यांच्या भुवया नव्हत्या.

फ्रिज लावताना कॅम्पर समतल पाहिजे, नाहीतर आतला अमोनिया नीट फिरत नाही आणि तो कायमचा बाद होतो. मागची जाळी काढून नाक लाव. अमोनियाचा वास आला किंवा नळीवर पिवळी पावडर दिसली तर चालू करायच्या फंदातच पडू नको. तसं काही नसेल तर बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं असणार, ते काढ, धुराची नळी ब्रशनं साफ कर, निम्मे फ्रिज तेवढ्यानं चालू होतात. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मात्र नवे, त्यांची मुदत कधीच संपली असणार.

आणि मंदारचं वजन. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि माल मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. कॅम्परचं जे वजन सांगतात ते बहुतेक वेळा रिकाम्याचं असतं. तीस गॅलन पाणी भरलं की अडीचशे पौंड तिथंच वाढले, वर गॅस, बॅटरी, तुम्ही चौघं, आणि सूनबाईच्या पिठाचा डबा. हाफ टनाला ते बसेल असं मला वाटत नाही, आणि बसत नसेल तर स्प्रिंग घालून, एअरबॅग लावून स्टिकरवरचा आकडा वाढत नाही हे दुकानदार सांगणार नाही. काम झालं की कुणाचा तरी मोठा ट्रक माग, मंदारच्या शेजाऱ्याकडं आहे बहुतेक, आणि पाणी भरून हायवेवरच्या कॅट काट्यावर (ट्रकचं वजन करायच्या) घेऊन जा. पुढचा-मागचा ॲक्सल वेगळा दाखवतात. पावतीचा फोटो इथं टाक, मिस्त्रींनाही आकडा बघायचाय, त्यांनी माझ्याशी भडंगाच्या पुड्याची पैज लावलीय.

बापूकाका

---

प्रेषक: मंदार

शेजाऱ्याला विचारलं. ट्रक देतो म्हणाला, पण डिझेल तुझं आणि पहिल्या रात्री पिठलं-भाकरी त्याला पण. तो कॅम्पर भंगार आहे हे माझं मत अजून तेच आहे. शनिवारी टोच्या घेऊन येतो, डावी बाजू मला स्वतः बघायचीय.