मणका सरकणे की आणखी काही? (स्पॉन्डिलोलिस्थेसिस)

पागोळी: रुग्णांसाठीचं पत्रक मराठीत करते आहे. 'मणका सरकणे' लिहिलं आणि आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, "गादी सरकते तेच ना हे?" नेमका हाच घोळ टाळायचाय. इथे वरचा मणकाच खालच्यावरून पुढे जातो, बऱ्याचदा कमरेचा पाचवा मणका त्रिकास्थीवरून (कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वरचं हाड). दोन मणक्यांमधल्या गादीचा आजार वेगळा. शब्द सुचवा.

माळरान: कशेरुकाच्युती. कशेरुका म्हणजे मणका, च्युती म्हणजे जागेवरून ढळणं. एका शब्दात काम होतं.

काजवा: कशेरुका किती रुग्णांना कळेल? माझ्या मावशीला डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं, "चौथा मणका पाचव्याच्या पुढे आलाय." तिला लगेच कळलं. पन्नाशीनंतर झिजेमुळे होतं म्हणे, बायकांत जास्त.

माळरान: मूळ नाव तरी बोलीतलं कुठंय? स्पॉन्डिलोस म्हणजे मणका, ओलिस्थेसिस म्हणजे घसरणं. किलियन या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने १८५४ मध्ये ग्रीकमधून घडवलं. त्याला ग्रीक चालतं, मग आपल्याला संस्कृत का नको?

धुकं: मग सरळ 'मणका घसरणे' म्हणा की.

काजवा: घसरणं एका क्षणात होतं. पेशंटला वाटेल, पडल्यामुळेच झालं. सरकणं हळूहळू होतं, शिवाय ते मोजता येतं. मेयर्डिंग या डॉक्टरच्या प्रतवारीत मणका खालच्या मणक्याच्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत पुढे गेला तर पहिली पायरी, ५० पर्यंत दुसरी. 'मणका पाव सरकलाय' म्हणता येतं. च्युती पाव कशी होणार?

धुकं: खरं तर चुकीचा शब्द गादीला चिकटलाय. ती सरकत नाहीच, तिच्यातला मऊ गर बाहेर येतो. 'गादी फुगली' म्हणा आणि 'सरकणे' मणक्याला परत द्या.

माळरान: इतक्या वर्षांची रूढी अशी मागे घेता येत नाही.

पागोळी: म्हणूनच विचारते आहे, पत्रकात काय लिहू?

रानवाट: आमच्याकडे कंबर धरली की 'उसण भरली' एवढंच म्हणायचे आणि पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या) माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचे. आजी पायाळू होती, सकाळपासून दारात लोक यायचे.

काजवा: पण उसण स्नायूची, मणक्याची नव्हे. आणि चमक वेगळी का?

रानवाट: हो. चमक श्वास घेताना बरगडीत भरते, उसण वाकताना कमरेत.

धुकं: आमच्याकडे दोन्हीला चमकच म्हणतात. लचक मात्र पाय मुरगळला तरच.

माळरान: लचक मानेतही भरते. आई म्हणायची, उशीमुळे भरली.