ट्विड डिलक्स: हाताने बांधलेला तयार ॲम्प घ्यावा की किट आणून जोडावं?

नादखुळा_पुणे:
मंडळी सल्ला हवाय. फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ट्विड डिलक्स या व्हॉल्व्हवाल्या गिटार ॲम्पचा म्हणजे ५ई३ सर्किटचा आवाज डोक्यात बसलाय. अमेरिकेत एक जण एकटाच ऑर्डरप्रमाणे बांधून देतो, पाइनचं कॅबिनेट, वर ट्विडचं कापड, फोटो बघूनच जीव जातो. किट मात्र जवळपास निम्म्यात पडतंय. सोल्डरिंग येतं, इफेक्ट पेडलची किट जोडलीत. गिटार टेली (टेलिकास्टर), वाजवतो फ्लॅटमध्येच, गिग क्वचित. काय करू?

सोल्डरवाला:
डोळे झाकून किट घे. ५ई३ मध्ये आहेच काय, सगळे मिळून पाच व्हॉल्व्ह, दोन ६व्ही६, एक १२एवाय७, एक १२एएक्स७ आणि ५वाय३ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), आणि कॅथोड बायस, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हचा करंट आपोआप सांभाळला जात असल्यामुळे बायस सेट करायची भानगडही नाही. फक्त एक डोक्यात पक्कं ठेव, पेडल ९ व्होल्टवर चालतं, इथे आत ३५० च्या आसपास डीसी फिरतं आणि प्लग काढला तरी फिल्टर कॅपॅसिटर चार्ज धरून बसलेले असू शकतात. हात घालायच्या आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायचं आणि मग मीटरने बघायचं, अंदाजाने नाही. पहिल्यांदा चालू करताना वायरमन लोक वापरतात तो सिरीज बोर्ड लाव, म्हणजे मेन्स आणि ॲम्पच्या मध्ये सिरीजमध्ये एक बल्ब, तोही साधा फिलामेंटचा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद कर.

जर्सीकर:
इकडून अमेरिकेतून मागवणार असशील तर व्होल्टेज आधी विचार!! इकडचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा १२० व्होल्टचाच असतो, २३०/२४० ची प्रायमरी (मेन्सकडची गुंडाळी) असलेला मागून घे, नाहीतर जन्मभर तो जडशीळ स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवून बसशील. तयार ॲम्पलाही हेच लागू. आणि किट घेतलंस तर कॅबिनेट आणि स्पीकर मागवू नको, कुरिअर आणि कस्टमचा खर्च त्यातच वाढतो. पाइन काय पॅकिंगच्या खोक्यांचंही मिळतं तिकडे, चांगला सुतार गाठ.

मंद्रसप्तक:
सगळे किट किट करतायत म्हणून उलटं बोलतो. पेडल जोडता येणं वेगळं आणि ॲम्पमधली वायर कुठून न्यायची हे कळणं वेगळं. हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) दोन वायरी घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्याला चिकटवून नेल्या नाहीत, ग्रिडच्या (व्हॉल्व्हला सिग्नल देणाऱ्या) वायरीजवळून गेल्या, की ५० हर्ट्झची घूंऽऽ सुरू, मग शोधत बसा कुठून येतेय. बांधून देणाऱ्याच्या हाताचे पैसे आहेत ते, उगीच नाहीत. तुला वाजवायचंय की जोडायचंय ते ठरव, जोडण्यात मजा येत नसेल तर तयारच घे.
पण माझा खरा प्रश्न दुसराच आहे, फ्लॅटमध्ये ५ई३ कशाला? मास्टर व्हॉल्यूम नाही, म्हणजे फाटका आवाज हळू काढता येत नाही, १२ वॉट म्हटलं तरी त्याचा आवाज फाटायला लागेपर्यंत सोसायटीचा सेक्रेटरी दारात.

सोल्डरवाला:
हे मात्र पटलं. मग फेंडरचाच छोटा ॲम्प चॅम्प कर, सर्किट ५एफ१. एकच ६व्ही६, एक १२एएक्स७, ५वाय३, साधारण ५ वॉट, बटण एकच, व्हॉल्यूमचं. टोनसुद्धा नाही. शिकायला याहून सोपं सर्किट मिळणार नाही. ५ वॉट म्हणजे हळू असं समजू नको हां, दुपारीच वाजव.

नादखुळा_पुणे:
च्यायला चॅम्पचा विचारच नव्हता केला. ५ई३ मध्ये न वापरलेल्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवला तरी टोन बदलतो ना, त्याचीच हौस होती, पण ठीक आहे, डिलक्स नंतर तयारच घेईन. आता चॅम्पचं किट, २४० वाला ट्रान्सफॉर्मर, कॅबिनेट इथे. मूळचा स्पीकर ८ इंची ना, १० इंची टाकला तर चालेल का?

मंद्रसप्तक:
चालेल, खर्ज जास्त भरतो. सुताराला माप द्यायच्या आधी स्पीकर हातात असू दे. ओहम मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरशी जुळव, ४ ओहमचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं टोक) तर ४ चाच स्पीकर. आणि स्पीकर न जोडता ॲम्प कधी चालू करू नको, टेस्टिंगलासुद्धा नाही, ट्रान्सफॉर्मर उडतो.