सल्ला हवा: मार्चमध्ये पळस-काटेसावरीवरची भोरडी आणि वटवटे कुठे, कसे पाहावेत?

तापीकाठ: राम राम मंडळी. मार्चचे दोन रविवार मोकळे आहेत. पाहुणे पक्षी परतीला लागण्याआधी फुलांवरची भोरडी (गुलाबी मैना) आणि झाडांतले बारके वटवटे (वॉर्बलर) पाहायचेत. दुर्बीण ८×४०, कॅमेरा नाही. जळगावहून पहाटे निघून दुपारी घरी. सातपुड्यातलं पाल बरं की चाळीसगावजवळचं पाटणादेवी?

रानवाट: गाव नंतर, आधी झाड ठरवा भाऊ. दोन्हीकडे पळस आहे, पण अर्ध्या दिवसात पाटणादेवी म्हणजे नुसता प्रवास. यावल-पालकडे सातपुड्याच्या पायथ्याला जा. काटेसावर तोवर उतरणीला लागलेली असते. पळस धरा, तोही शेताच्या बांधावरचा, एकटा.

नेहमीची चूक उभं राहण्यात होते. सकाळी झाडाच्या पश्चिमेला थांबलात तर ऊन थेट डोळ्यांत, आणि फांदीवर फक्त काळे ठिपके. ऊन पाठीवर घ्या, म्हणजे झाड तुमच्या पश्चिमेला हवं. अंतर २५-३० मीटर. बुंध्याशी गेलात की मान दुखते आणि पक्षीही उठतात. उजाडल्यापासून नऊपर्यंत खरी गर्दी, पुढे उन्हाचा तडाखा.

बांधावरचा: भोरडी नुसता मध पीत नाही हो. दादर (रब्बी ज्वारी) उभी असली की कणसांवर आधी उतरते, म्हणून तर गोफण चालते. तीच भोरडी नाकतोडेही भरपूर खाते, हे मात्र कोणी मोजत नाही. दादर काढणीला आलेलं शेत आणि शेजारी फुललेला पळस, अशी जागा शोधा. रान मालकाला विचारूनच ओलांडा.

तापीकाठ: भोरडी आणि साळुंकीत गफलत होते. काही पक्षी मळकट तपकिरी दिसतात, त्यांचं काय?

रानवाट: ती पहिल्या वर्षाची भोरडी. मोठ्या पक्ष्याचं डोकं, पंख, शेपूट काळी, मधलं अंग गुलाबी, डोक्यावर लोंबता तुरा. गंमत अशी, की वसंतात नवी पिसं न येताच रंग खुलतो. हिवाळ्यात पिसांच्या कडा मातकट असतात, त्या झिजल्या की खालचा गुलाबी उघडा पडतो. साळुंकीच्या डोळ्यामागची पिवळी कातडी भोरडीला नसते. कपाळावर पिवळी भुकटी दिसली तर तो फुलाचा पराग, खूण समजू नका.

निंबोणी: वटवट्यांसाठी पळसापेक्षा बाभूळ आणि मोहरलेला निंब बघा. मोहरावर बारके किडे येतात, त्यांच्यामागे हे. रंगावर जाऊ नका, सगळे हिरवट-तपकिरीच. बाभळीतून 'टेक् टेक्' असा कोरडा आवाज आला, डोकं राखी, गाल गडद, गळा पांढरा, तर शुभ्रकंठी वटवट्या. 'चि-वी' अशी जोडहाक, भुवई ठळक, पंखावर एक बारीक फिकट पट्टी, तर हिरवट वटवट्या. पाय काळे, शेपूट सारखी खाली झटकतो, पंखपट्टी नाही, तो चिफचॅफ. दुर्बीण आधीच डोळ्याला लावून शोधू नका. पान हललं ती जागा नुसत्या डोळ्यांनी पकडा, मग नजर न हलवता दुर्बीण वर घ्या.

मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका. लांबच्या प्रवासाआधी अंगात चरबी साठवायचे हे दिवस, त्यांना नाहक पळवायचं कशाला?

बांधावरचा: काटेसावरीखाली थांबण्याआधी फांद्या नीट बघा, आग्या मोहोळ असतं. अत्तर लावून जाऊ नका, खाली विडी-काडी पेटवू नका.

तापीकाठ: आणि पळस रिकामाच निघाला तर?

रानवाट: वीस मिनिटं थांबा, थवा झाडं बदलत फिरतो. खाली अख्खी फुलं तुटून पडली असतील तर ते पोपटांचं काम. तरी काही नसेल आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबता आलं, तर तापीवरच्या हतनूर जलाशयाकाठी बाभळी-लव्हाळ्याकडे जा, थवे रातथाऱ्याला येताना दिसतील. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक भोरडी मध्य आशियाकडे निघून जाते, तेव्हा दुसरा रविवार पुढे ढकलू नका.