शब्दचर्चा: कंपोनंटच्या संदर्भात ‘इनहेरिटन्स’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

नागपुरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेब प्रोग्रॅमिंग मराठीतून शिकवताना एक संज्ञा वारंवार अडते. एकदा तयार केलेला कंपोनंट, म्हणजे बटण किंवा तक्ता यांसारखा वेब पानाचा सुटा भाग, आधाराला घ्यायचा, त्याचे सर्व गुण आपोआप मिळवायचे आणि हवे तेवढेच बदलायचे, या व्यवस्थेला, म्हणजे ‘इनहेरिटन्स’ला, मी कधी ‘वारसा’, कधी ‘आनुवंशिकता’, तर कधी ‘विस्तार’ म्हणतो. विद्यार्थी आपसांत ‘बेस क्लास एक्स्टेंड केला’ असेच बोलतात (क्लास म्हणजे कंपोनंटचे गुण व कामे ठरवणारा कोडमधला साचा, बेस क्लास म्हणजे मूळ साचा). त्यांच्यापैकी अनेक जण शेतकरी कुटुंबांतले असल्यामुळे ‘वारसा’ म्हटले की त्यांना सातबाऱ्यावरची वारस नोंद आठवते, आणि ती खातेदाराच्या मृत्यूनंतर होते. इथे मूळ क्लास तर हयात असतो. मग हा शब्द दिशाभूल करतो का?

उत्तर

‘आनुवंशिकता’ आधी बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अपत्याला जनुके एकदाच मिळतात आणि त्यानंतर आईवडिलांत झालेला बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. क्लासच्या बाबतीत मात्र मूळ बटणात आज केलेली दुरुस्ती त्यावरून बनवलेल्या सर्व बटणांना पुढच्या बिल्डपासून, म्हणजे कोडवरून प्रोग्रॅम पुन्हा तयार केल्यापासून, लागू होते, आणि तिच्यात चूक असेल तर तीही सर्वांच्या वाट्याला येते.

‘वारसा’विषयीची शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर हिंदू कायद्याच्या परंपरेतच सापडते. बंगालमधील दायभाग पद्धतीत मुलाचा हक्क वडिलांच्या मृत्यूनंतर सुरू होतो. आपल्याकडे चालत आलेल्या मिताक्षरा पद्धतीत मात्र वडिलोपार्जित मालमत्तेतील हक्क जन्मतःच मिळतो, आणि कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने तो मुलींनाही मिळाला. क्लासचा वारसा मिताक्षरेच्या जातीचा आहे, एवढाच फरक की येथे वाटणी होत नाही आणि प्रत्येक वारसाला सर्वस्व मिळते. म्हणून मी ‘वारसा’ हाच शब्द ठेवीन. लिहिताना ‘वारसाने’ म्हणजे वारस असलेल्या क्लासने आणि ‘वारशाने’ म्हणजे वारसा म्हणून, हा भेद कसोशीने पाळावा. पाठ्यसामग्रीत तो पुसला गेला की वाक्याचा कर्ताच बदलतो.

‘विस्तार’ हे नात्याचे नाव नसून वारसाने त्यात घातलेल्या भरीचे नाव आहे. जावास्क्रिप्टमध्ये 2015 च्या आवृत्तीपासून वारस क्लास लिहिताना ‘एक्स्टेंड्स’ लिहावे लागते, त्यामुळे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले असावेत.

आणखी एक उत्तर

वरील मत मान्य करून मी असे सुचवेन की वेब फ्रेमवर्कच्या (वेबसाइट बांधण्याच्या तयार चौकटीच्या) संदर्भात नुसते ‘वारसा’ म्हणून थांबू नये, कशाचा वारसा तेही सांगावे. अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये मूळ कंपोनंटचे इनपुट, आउटपुट (बाहेरून येणारी व बाहेर जाणारी माहिती) आणि जीवनचक्राच्या मेथड (कंपोनंट तयार होताना, बदलताना वगैरे आपोआप चालणारी कामे) वारशाने मिळतात, परंतु टेम्प्लेट (पानावरची मांडणी) आणि स्टाइल (रंगरूप) मिळत नाहीत. वारस कंपोनंटच्या डेकोरेटरमध्ये (क्लासच्या वर लिहायच्या माहितीत) टेम्प्लेट नव्याने द्यावे लागते किंवा मूळ कंपोनंटच्याच टेम्प्लेट फाइलचा पत्ता द्यावा लागतो. याउलट अपाची विकेट या फ्रेमवर्कमध्ये मार्कअपही (पानाची मांडणी सांगणारा मजकूर) वारशाने येते: मूळ पानात ‘चाइल्ड’ ही खूण जिथे असेल, तिथे वारस पानाच्या ‘एक्स्टेंड’ खुणेतला मजकूर बसतो. पहिल्याला ‘वर्तनाचा वारसा’ आणि दुसऱ्याला ‘रूपाचाही वारसा’ म्हटले, तर बटण चालते आहे पण दिसत का नाही, हा नवशिक्यांचा नेहमीचा गोंधळ बराच टळेल.

रिअ‍ॅक्ट या वेब लायब्ररीचे अधिकृत मार्गदर्शन कंपोनंटमध्ये वारशाऐवजी एकात दुसरा बसवण्याची शिफारस करते. त्यासाठी ‘जुळणी’ हा शब्द पुरेसा आहे.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. ‘वारसा’ आणि त्याचे हे दोन प्रकार मी स्वीकारतो. मूळ क्लासची मेथड वारसाने त्याच नावाने नव्याने लिहिणे, म्हणजे ‘ओव्हरराइड’, यासाठी मी ‘रद्द करणे’ वापरत असे. ते चालेल का?

उत्तर

चालणार नाही, कारण मूळ मेथड नाहीशी होत नसते. वारसाच्या मेथडमधून ‘सुपर’ या मूळ क्लासकडे निर्देश करणाऱ्या शब्दाच्या साहाय्याने ती बोलावता येते. अँग्युलरमध्ये वारस कंपोनंटने स्वतःची ‘एनजी-ऑन-इनिट’ (कंपोनंट सुरू होताना चालणारी मेथड) लिहिली आणि त्यातून मूळ मेथड बोलावली नाही, तर मूळची सुरुवातीची तयारी मुकाट्याने वगळली जाते. ‘रद्द’ म्हटल्यावर ती बोलावण्याचे विद्यार्थ्याला सुचणारच नाही. ‘झाकणे’ हे क्रियापद वापरावे: वारसाची मेथड मूळ मेथडला झाकते, आणि ‘सुपर’ने झाकलेली मेथड चालवता येते.